जुन्या तळघरावर नवें घर

माझ्या भाच्यानें जर्मनींतील घरें बनविणाऱ्या एका कारखान्याशीं जो करार केला, त्यांत आरंभींच एक अट होती. घराची ठरलेली किंमत ‘तळघराच्या छताच्या वरच्या कडेपासून’ धरावी, असें तींत लिहिलें होतें. अर्थ साधा. त्या कडेच्या वर जें उभें राहील, म्हणजे भिंती, खिडक्या, जिना, छप्पर, तें सर्व कारखान्याचें. त्याची हमी कारखाना देणार. कडेच्या खालीं जें असेल तें घरमालकाचें. तें ओलें असो, वांकडें असो, खचणारें असो, कारखान्याचा त्याच्याशीं संबंध नाहीं. तिकडील तयार घरांच्या करारांत ही अट सर्रास असते. तींत लबाडी कांहीं नाहीं. परंतु सरकारी बांधकाम खात्यांत बत्तीस वर्षें काढलेल्या माझ्यासारख्या माणसास ती वाचून थोडें हंसूं आलें आणि थोडी काळजीही वाटली. कारण भाच्याचें ‘खालचें’ होतें, तें ८७ वर्षांचें होतें.

ही गोष्ट २०१८ सालची. भाचा नोकरीनिमित्त स्टुटगार्ट येथें स्थायिक झालेला, भाचेसून तेथलीच. (स्टुटगार्ट आणि आपली मुंबई यांचें १९६८ पासून भगिनीनगरांचें नातें आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसेल.) शहर एखाद्या वाडग्याच्या तळाशीं वसावें तसें वसलें आहे, भोंवतीं टेकड्या आणि त्यांच्या उतारांवर द्राक्षांचे मळे. अशाच एका उतारावर भाचेसुनेच्या आजोबांनीं १९३१ मध्यें घर बांधलें. त्या घराचें तळघर, हाच ह्या लेखाचा विषय.

आपल्याकडे तळघर म्हटलें कीं वाड्यांतील काळोख आणि पुरून ठेवलेलें धन आठवतें. तिकडे तसें नाहीं. हिवाळ्यांत जमीन वरून गोठते, म्हणून घराचा पाया तसाही खोल न्यावा लागतो. मग तेवढ्या खोलींत आणखी थोडी भर घालून एक मजलाच काढून घ्यावा, असा तो व्यवहार आहे. तेथें पूर्वीं कोळसा, बटाटे, मुरांब्यांच्या बरण्या असत; आतां ऊन पाण्याचा बंब आणि कपडे धुण्याचें यंत्र असतें. परंतु ह्या तळघरास आणखी एक इतिहास होता. जुलै १९४४ च्या अखेरच्या आठवड्यांत स्टुटगार्टवर लागोपाठ विमानहल्ले झाले. भाचेसुनेची आई तेव्हां सहा वर्षांची होती. त्यांपैकीं एका रात्रीं आईच्या कुशींत ती ह्याच तळघरांत बसून होती. सकाळीं वर येऊन पाहतात तों घर नव्हतें. चार काळ्या भिंती आणि वर उघडें आकाश. तळघराचें छत मात्र टिकलें होतें. वडील युद्धकैदेंतून १९४८ मध्यें परत आले आणि दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं जळक्या विटा घांसूनपुसून त्याच तळघरावर लहानसें घर पुन्हां उभें केलें. त्या काळीं जर्मनीच्या शहरांतून असेंच चाले. वरचें गेलेलें, खालचें राहिलेलें; माणसांनीं खालच्यावरच संसार मांडले. उरलेला राडारोडा स्टुटगार्टकरांनीं बिर्केनकोफ नांवाच्या टेकडीवर नेऊन टाकला. ती टेकडी त्यामुळें सुमारे ४० मीटरनीं उंच झाली आणि आज ५११ मीटर आहे.

त्या मुलीस आम्ही घरांत ‘विहीणबाई’ म्हणतों. नात्यानें त्या माझ्या बहिणीच्या विहीण. २०१८ मध्यें त्या ऐंशी वर्षांच्या होत्या आणि त्या घरांत एकट्या राहत होत्या. घर राहण्याजोगें उरलें नव्हतें. १९४९ च्या ओढगस्तींत बांधलेल्या भिंती पातळ, जिना शिडीसारखा उभा, न्हाणीघर वरच्या मजल्यावर, आणि थंडींत कितीही जळण घातलें तरी पाय गार. भाच्याच्या मनांत असें कीं, तें घर पाडून दुमजली नवें घर घ्यावें. खालीं विहीणबाईंनीं राहावें, वर आपण व मुलांनीं. तिकडे मुलगी व जांवई यांच्याबरोबर एका छपराखालीं राहणें ही सरसकट रीत नव्हे. म्हातारीं माणसें आपल्या घरांत एकटीं राहतात, आणि तें झेपेनासें झालें कीं वृद्धाश्रमांत जातात. विहीणबाई भाच्याच्या बेतास कबूल झाल्या, हेंच विशेष. परंतु त्यांनीं एक गोष्ट सांगितली. घर पाडा, तळघर तेवढें पाडूं नका. तें उखडावयाचें असेल तर माझी सोय मी वृद्धाश्रमांत पाहीन.

उलट कारखान्याच्या विक्रेत्याचें म्हणणें असें कीं, जुनें तळघर म्हणजे कटकट. उखडून टाका, नवें घाला, आम्ही सुखी आणि तुम्हीही. भाचा मध्यें सांपडला. त्यानें मला फोन केला. “मामा, तुम्ही या. त्यांना माझें म्हणणें कळत नाहीं असें नाहीं. पण घरचा आणि इंजिनियर, असा माणूस माझ्यापाशीं एकच आहे.”

मी गेलों. प्रथम तयार घर म्हणजे काय, तें पाहून घेतलें. आपल्याकडे ह्या शब्दानें पत्र्याची शेड डोळ्यांपुढें येते. जर्मनींत अलीकडे एकदोन कुटुंबांच्या ज्या नव्या घरांस परवानगी मिळते, त्यांपैकीं सुमारे चौथा हिस्सा अशा घरांचा असतो. स्टुटगार्ट ज्या राज्यांत येतें त्या बाडेन-वुर्टेम्बर्गमध्यें तर दर पांचांत जवळजवळ दोन. शहरालगत फेलबाख येथें नमुन्यादाखल उभारलेल्या घरांचें प्रदर्शन होतें. त्यांत आम्ही एक सबंध दिवस हिंडलों. लांकडी चौकट, तिच्या पोटांत ऊब धरून ठेवणारा भराव, दोन्हीं अंगांस तक्ते, तारांच्या नळ्या आंत ओढलेल्या, खिडक्या कांचेसकट बसविलेल्या. अशी अखंड भिंत कारखान्यांतून निघते. कल्पना नवी नाहीं. १९२७ मध्यें ह्याच स्टुटगार्टच्या वाइसेनहोफ वसाहतींत वॉल्टर ग्रोपियस यानें कारखान्यांतील तयार भाग कोरडेच जोडून एक घर उभें केलें होतें. तें पुढें युद्धांत नष्ट झालें. आइन्स्टाइनचें काप्युट गांवींचें १९२९ चें लांकडी घरही कोनराड वाक्समन ह्या वास्तुशिल्पकाराचें. हा वाक्समन त्यापूर्वीं तयार लांकडी घरांच्या कारखान्यांतच कामास होता. तें घर आजही उभें आहे. आणि आपणांस तरी ही गोष्ट कोठें अगदीं परकी आहे? कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष पुण्याच्या केळकर संग्रहालयांत आणून पुन्हां जुळविले, ते लांकडाचें काम सुटें होऊं शकतें म्हणूनच.

असें घर जुन्या तळघरास एका परीनें सोयीचें असतें. तें विटांच्या घराहून पुष्कळ हलकें. जुन्या भिंतींस पूर्वींपेक्षां कमीच ओझें. दुसऱ्या परीनें तें फार अवघड. गवंडी जागेवर भिंत बांधतो तेव्हां खालचा वांकडेपणा चुन्यामातींत जिरवून टाकतो. कारखान्याची भिंत मिलिमीटरच्या हिशेबानें कापून आलेली असते. तिच्याखालचें छत अर्धा इंच चढउतार असेल, तर तो अर्धा इंच कोणी जिरवावा? शिवाय हलकें घर वाऱ्यानें हलूं नये म्हणून तें खालीं पोलादानें जखडावें लागतें. तें जखडावयाचें कशास, तर त्याच ८७ वर्षांच्या बांधकामास.

मीं विहीणबाईंशीं बोलावें असें ठरलें. भाचेसून दुभाषी झाली. मी म्हणालों, “तुमच्या आठवणी तेथें आहेत, हें मला समजतें.” त्या म्हणाल्या, “आठवणींसाठीं मी सांगत नाहीं. वरचें सगळें जळत होतें तेव्हां ह्या भिंतींनीं आम्हांला धरलें. पुढें वडिलांचें घर अंगावर घेतलें. आतां तिसऱ्यांदां न विचारतांच त्यांना काढूं नका. विचारून पाहा. त्या नाहीं म्हणाल्या तर खुशाल काढा.”

ह्यापेक्षां शहाणपणाचें बोलणें मीं माझ्या नोकरींत थोड्याच वरिष्ठांच्या तोंडून ऐकलें. मला आमचें कोंकणांतील घर आठवलें. त्याचें जोतें जांभ्याचें. आजोबांनीं वरचें घर एकदां नवें केलें, वडिलांनीं एकदां. वासे बदलले, गवत जाऊन कौलें आलीं, मातीच्या भिंती जाऊन चिऱ्यांच्या झाल्या, जोतें तेंच. परंतु दर खेपेस पहिलें काम जोत्याचें असे. निखळलेले चिरे काढावयाचे, झाडांचीं मुळें उपटावयाचीं, कोपरा खचला असेल तर तो उकरून पुन्हां भरावयाचा. जोतें तेंच राहिलें, याचा अर्थ त्यास कोणीं हात लावला नाहीं असा नव्हे. हात न लावलेल्या जोत्याचें उदाहरण पाहावयाचें असेल तर शनिवारवाड्यांत जावें. वरचा वाडा १८२८ मध्यें जळाला; जोतें आजही दिसतें, आणि लोक तिकीट काढून तें पाहतात. नुसतें राखलेलें जोतें स्मारक होतें. त्यावर कोणी नांदेल तर त्याची डागडुजी केलीच पाहिजे.

तेव्हां तळघरास विचारण्याचें काम सुरू झालें. त्या देशांत हें ज्याचें काम, तो बांधकामाचें बळ गणित करून ठरविणारा इंजिनियर निराळा असतो, त्यास बोलावलें. कुदळ मारण्यापूर्वीं एक तपासणी अशी झाली कीं तिचा मला अनुभव नव्हता. युद्धकाळीं विमानांतून घेतलेलीं छायाचित्रें काढून, त्या जागीं न फुटलेला बाँब जमिनींत असण्याचा संभव आहे काय, हें पाहिलें गेलें. तसें कांहीं आढळलें नाहीं. मग दोन कोपऱ्यांशीं बाहेरून खड्डे घेऊन पाया उघडा केला, भिंतींस भोंकें पाडून आंतला माल काढला, ओल मोजली.

उत्तर संमिश्र आलें. खालच्या भिंती वालुकाश्माच्या, हातभराहून रुंद, आणि ओझें घेण्यास धडधाकट. पाया पुरेसा खोल, आणि इतक्या वर्षांत जेवढा बसावयाचा तेवढा बसून गेलेला. टेकडीकडील भिंत मात्र ओलीनें भरलेली. वरून झिरपून येणारें पाणी तिला येऊन अडे. छत लोखंडी तुळयांमध्यें विटांच्या चपट्या कमानी घालून केलेलें. असें छत मीं मुंबईपुण्याच्या जुन्या इमारतींत पुष्कळ पाहिलें आहे, आणि त्याचें दुखणेंही तेंच पाहिलें आहे. तुळयांच्या कडा गंजून पापुद्रे सुटत होते. ज्या छतानें बाँबच्या रात्रीं माणसें वांचविलीं, तेंच आतां सर्वांत दुबळें निघालें.

कायद्याचीही एक गांठ होती. जुनें घर उभें आहे तोंवर तें ज्या नियमांखालीं बांधलें त्यांचें संरक्षण त्यास असतें. एकदां पाडलें कीं तें संरक्षण जातें आणि नव्यास आजचे नियम लागतात. त्या राज्यांत घर शेजाऱ्याच्या हद्दीपासून निदान अडीच मीटर दूर असावें लागतें, आणि तळघराचा एक कोपरा दोनच मीटरांवर होता. जमिनीखालीं असलेल्या बांधकामास ती अट नाहीं. वरच्या घरास आहे. म्हणून वरचें घर त्या बाजूनें आंत घेतलें, आणि बाहेर राहिलेल्या तळघराच्या पट्टीवर विहीणबाईंच्या खोलीपुढें ओटा निघाला.

शेवटीं ठरलें तें असें. भिंती ठेवावयाच्या, छत काढावयाचें. टेकडीकडील भिंत बाहेरून उकरून तिला पाणी न लागूं देणारा लेप द्यावयाचा, पायथ्याशीं खडी भरून भोंकांची नळी घालावयाची, म्हणजे पाणी भिंतीस न अडतां बाजूनें वाहून जाईल. चर एकदम खणावयाचा नाहीं; तुकड्यातुकड्यांनीं खणावयाचा, नाहीं तर पायाच उघडा पडून घसरेल. मग सर्व भिंतींच्या डोक्यावरून सळ्या घातलेल्या काँक्रीटचा एक पट्टा फिरवून त्यावर अखंड नवें छत ओतावयाचें. वरच्या घरानें काय तें ह्या छताशीं बोलावें, आणि छतानें तें ओझें जुन्या भिंतींत सारखें वांटून द्यावें.

ह्या कामांत एक गोष्ट पुष्कळ लोकांस उलटी वाटते, म्हणून येथें सांगतों. वरचें घर आणि छत काढलें म्हणजे खालच्या भिंती मोकळ्या झाल्या, त्यांचें ओझें उतरलें, असें आपणांस वाटतें. प्रत्यक्षांत त्यांच्या दृष्टीनें तोच काळ धोक्याचा असतो. बाहेरची माती त्यांना रात्रंदिवस आंत लोटीत असते. वरच्या भारानें आणि छताच्या आधारानेंच त्या ताठ उभ्या असतात. तो भार काढला कीं त्या आंत कोसळूं शकतात. म्हणून घर पाडण्याच्या आधींच आंतून आडवे टेकू देऊन ठेवले, आणि ते नवें छत घट्ट होईपर्यंत हलविले नाहींत. हें मीं विहीणबाईंस समजावून सांगितलें, तेव्हां त्या जांवयाकडे पाहून म्हणाल्या, “माझेंही तसेंच आहे. स्वयंपाक माझ्याकडे ठेवा.” तो त्यांच्याकडे ठेवण्यांत आला.

पैशाचें म्हणाल तर, जुनें तळघर फुकटचें म्हणून जे त्यावर घर घेऊं पाहतात, त्यांनीं सावध असावें. नव्या तळघरास जो खर्च लागता, त्याच्या सुमारें दोनतृतीयांश खर्च जुनें सुधारण्यांतच झाला. तपासणीचा खर्च वेगळा, आणि ती करून ‘नाहीं’ असें उत्तर आलें असतें तर तो सगळा वायां. बचत झाली, पण बेताची. तपासणीपूर्वींच घराचा करार करून, मागाहून खालचें निकामी ठरल्यानें पेंचांत पडलेलीं माणसें तिकडे आहेत. भाच्यानें शहाणपणा केला तो असा कीं, इंजिनियरची लेखी सही हातीं येईपर्यंत त्यानें कारखान्यास सही दिली नाहीं.

नवें छत झाल्यावर कारखान्याचा माणूस मोजमापाचें यंत्र घेऊन आला आणि त्यानें कोपरान् कोपरा तपासला. चढउतार तीन मिलिमीटरांच्या आंत निघाला. त्यानें कागदावर सही केली, आणि त्या क्षणीं कडेच्या वरची जबाबदारी कारखान्याची झाली. मे २०१९ मध्यें एके सकाळीं लांब मालमोटारी टेकडी चढून आल्या. क्रेननें एकेक भिंत उचलली. खिडक्यांच्या कांचा उन्हांत चमकत हवेंतून येत होत्या आणि चार माणसें त्या खुणेवर बसवीत होतीं. पहिल्या दिवसाच्या संध्याकाळीं खालचा मजला उभा, दुसऱ्या दिवशीं वरचा मजला आणि छप्पर. विहीणबाई समोरच्या शेजारणीच्या अंगणांत खुर्ची टाकून दोन्हीं दिवस पाहत बसल्या होत्या. त्यांच्या वडिलांस त्याच जागीं घर उभें करण्यास चौदा महिने लागले होते, असें त्यांनीं सांगितलें. पण त्या स्वरांत ना कौतुक होतें, ना तक्रार.

कराराच्या त्या अटीचा मीं पुढें पुष्कळ विचार केला. कारखान्यानें आपल्या जबाबदारीची रेघ ओढली, ती त्याच्या दृष्टीनें बरोबरच. परंतु कुटुंबास अशी रेघ ओढतां येत नाहीं. वरचें आम्ही आणलें तेवढें आमचें, खालचें वडिलांच्या वेळचें, त्याचें तें पाहून घेईल, असें म्हणणारा मुलगा वेगळ्या घरांत राहूं शकेल; त्याच घरांत राहूं शकणार नाहीं. तसेंच, खालचें आमचें म्हणून त्यास कोणीं तपासूं नये, असें म्हणणाऱ्या वडील माणसांसही नव्या घराची आशा धरतां येणार नाहीं. दोघांच्या मध्यें तें एक नवें छत ओतावें लागतें. त्याचा खर्च कोणत्याही कारखान्याच्या किंमतपत्रकांत नसतो.

तळघराची काळजी मात्र संपत नाहीं. उन्हाळ्यांत बाहेरची ऊन, दमट हवा गार तळघरांत शिरली कीं भिंतींवर पाणी धरतें. म्हणून तेथें उन्हाळ्यांत दिवसा खिडक्या मिटावयाच्या आणि हिवाळ्यांत थोडथोडा वेळ उघडावयाच्या, असा आपल्या समजुतीच्या अगदीं उलटा नियम आहे. हवेंतील ओल दाखविणारें एक लहान यंत्र जिन्याच्या तळाशीं टांगलें आहे. त्याचा आंकडा विहीणबाई रोज सकाळीं खालीं उतरून वहींत टिपून ठेवीत. दोन वर्षांपूर्वीं त्यांची नजर मंदावली. तेव्हांपासून माझी नात, म्हणजे भाच्याची धाकटी, शाळेंत जाण्यापूर्वीं खालीं जाते, आंकडा मोठ्यानें ओरडून सांगते, आणि वरच्या पायरीवर बसलेल्या आजी तो लिहून घेतात.